देठाला धरलेला माईक

मी माईक बोलतोय. हॅलो, हॅलो... मागे येतोय ना आवाज?

आधीच शपथ घेतो, सांगेन तो शब्दन् शब्द खरा. माझी पहिली नोकरी थेट विधानसभेत होती. मंत्र्यांच्या तोंडाला तोंड लावून बोललोय मी. बरं, ते राहू द्या. मला सातपूरच्या एका शेडमध्ये जुळवलं आणि विधानसभा मी फक्त टीव्हीवर पाहिली. पण पुढचं सगळं खरं.

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदारांच्या गावात ग्रामपंचायतीने मला आणलं. आरती, हळद, दशक्रिया, सगळीकडे मी. हातात आलो की माणसं आधी टकटक करतात, मग फुंकर मारतात, मग म्हणतात, "मी जास्त वेळ घेणार नाही." एवढी मोठी थाप मलासुद्धा जमत नाही.

मग सरपंचपद आदिवासी महिलेसाठी राखीव झालं. तोवर गादीवर धनराजनाना होते. ते उपसरपंच झाले आणि सरपंच म्हणून त्यांनी आपल्याच बागेतली मजूर निवडून आणली, चिमणाबाई. ती लहानपणी सुरगाण्याच्या डोंगरातून आईबापांबरोबर छाटणीला आली ती इथलीच झाली. गावाच्या गायरानावर तिच्या माणसांची वस्ती. मत इथलं, घाम इथला, तरी गाव त्यांना अजून 'वरची माणसं' म्हणतं.

ग्रामसभेला ती बागेतूनच यायची, खुर्चीच्या कडेवर बसायची. वस्तीवाले पार मागे, चपलांजवळ. आणि मी नानांच्या हातात. "सरपंचताईंच्या वतीने सांगतो," अशी त्यांची सुरुवात. ताईंना काय वाटतं, हे मला नानांकडूनच कळायचं.

यंदा ठराव आला, गायरान मोकळं करून तिथं द्राक्षांचं पॅकहाउस बांधायचं. म्हणजे वस्ती उठणार. चिमणाबाईचं घरही.

"ताई, तुम्ही फक्त 'ठराव मांडते' म्हणा," नाना म्हणाले. "बाकी मी बघतो. नेहमी बघतोच ना?"

मागून वस्तीतला म्हातारा हिरामण ओरडला, "नाना, ताईच्या वाटचं जेवता बी तुमीच का वो?"

सभा हसली. नानाही हसले. "हिरामण, उद्या बागेत ये. तिथं बोलू."

हसू जागच्या जागी थिजलं.

चिमणाबाई उठली. तिने मला घेतलं, पण कसं? निर्यातीचा घड धरतात तसं. मण्यांवरची लव पुसली की माल बाजूला काढतात, म्हणून बाया घड फक्त देठाला धरतात. तिनेही मला खाली, वायरीपाशी, दोन बोटांत धरलं. गळ्यावरच्या बटणाला हात लावला नाही.

"मी सरपंच हाय," ती म्हणाली. "ती घरं आमची हायत. आमची मेलेली मान्सं तिथंच पुरलीत. आमी नाय उठणार."

कर्ण्यांतून ते बागाबागांत घुमलं! बाया कात्र्या टाकून धावत आल्या, नाना खुर्चीवरून घसरले, ठराव पडला!

टाळ्या वाजवताय? थांबा जरा.

ती उभी राहिली तेव्हाच नानांनी, "ताईंना सवय नाही," म्हणत मला गळ्याशी आधार दिला होता. अंगठा बटणावर. टक्. मी बंद. बाहेर फवारणीचा ब्लोअर घरघरत होता. मागे चपलांजवळ फक्त तिचे ओठ हलताना दिसले. पुढच्या रांगेतल्यांनी ऐकलं असेल, पण त्यांनी माना खाली घातल्या.

मग पुन्हा टक्. मी चालू, नानांच्या तोंडाशी. "ताई जरा भावुक झाल्या. ठराव त्यांनी मांडलाय. मंजूर?" पुढच्या रांगेचे हात वर.

आता पॅकहाउस उभं आहे. फीत चिमणाबाईनेच कापली. कोनशिलेवर तिचं नाव सोनेरी अक्षरांत आहे. ती राहते नानांच्या बागेतल्या पंपाच्या खोलीत. मी पंचायतीच्या कपाटात पडून असतो.

बाई, पुढच्या सभेला मला देठाला धरू नकोस. मी द्राक्ष नाही, बोटं उमटली तरी माझा भाव पडत नाही. गळ्याला धर. अंगठा तुझा ठेव.

तर लोकहो, खोटं एवढंच: कर्णे घुमले, बाया आल्या, नाना घसरले, ठराव पडला. ती बोलली, हे मात्र खरं. माझ्या जाळीत ते अजून अडकलंय.