आबांचा ट्रॅक्टर आणि भैरूबुवांचा पाय

मुळशीत विलासच्या खळ्यावर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. विलासने बोलावलेले, अंगात येणारे भैरूबुवा त्याच्या बिघडलेल्या जुन्या ट्रॅक्टरवर चढले, सगळ्यांना दिसेल असा क्लच तळापर्यंत दाबला आणि गिअर टाकून स्टार्टर मारला. क्लच दाबलेला असताना ट्रॅक्टरने जागचं हलू नये. हा मात्र हिसके देत पुढे निघाला.

"पाय माझा हाय, पन चालवतोय कुशाबा," बुवा म्हणाले. पटापट हात जोडले गेले.

कुशाबा म्हणजे विलासचे आबा, गेल्या वर्षी वारलेले. मेलेल्या माणसाला वाहन परवाना लागत नाही, हे बुवांना पक्कं ठाऊक असावं. आबा लेकीवर कोपलेत, असं निदानही त्यांनी जागेवरच केलं. बाईमाणसाने ट्रॅक्टरला पाय लावला म्हणे.

लेक हेमलता, म्हणजे विलासची बहीण, नवरा सोडून माहेरी राहत होती. ट्रॅक्टर चालवायला, खोलायला तिला आबांनीच शिकवलं होतं. क्लच प्लेट चिकटलीय, असं ती परोपरीने सांगत राहिली. विलासने त्याच संध्याकाळी तिचं सामान अंगणात आणून ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून बुवांच्या हुकमाने, आबांना शांत करायला, ट्रॅक्टरवर पाण्याच्या घागरी ओतायला सुरुवात केली.

भाताच्या चिखलणीचे दिवस आले तरी आबा शांत होईनात. शेवटी विलास मान खाली घालून नांद्याला गेला. तिथे एका गॅरेजात हेमलता काम करत होती. ती जॅक आणि पाने घेऊनच आली.

पुन्हा गर्दी जमली. हेमलताने खाली ठोकळे लावले, मधले बोल्ट काढून इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे सारले. क्लच प्लेट सुटी निघायला हवी होती, ती इंजिनाच्या जड चाकाला, फ्लायव्हीलला, घट्ट चिकटलेली. लाकडाने ठोकल्यावर निघाली, तेव्हा ओंजळभर तांबडा गंज खाली पडला.

"खंडेनवमीला तू धुतलास, हार घातलास अन् तसाच उभा ठेवलास," ती म्हणाली. "पानी आत ऱ्हायलं, प्लेट गंजली. मग क्लच दाबून उपेग न्हाई. इंजिन फिरलं की चाकं फिरनारच. ह्यात आबा कुटं आले?"

भैरूबुवा पूर्वी वीटभट्टीवर ट्रॅक्टर चालवायचे, हे तेव्हा कुणाला तरी आठवलं. बुवा त्या दिवशी गावात नव्हते.

विलासला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. घरी चल, एवढंच तो कसंबसं म्हणाला.

"मी जिती हाय, दादा. तरी माझं ऐकलं न्हाईस," ती म्हणाली आणि पाने पिशवीत भरून नांद्याच्या वाटेला लागली.

लोक पांगू लागले. विलासने त्यांना थांबवलं. वर बघायची त्याची हिंमत नव्हती.

"यंत्र बिघडलं तर आदी खोलून बगा," तो म्हणाला. "ज्याला त्यातलं कळतं त्याला इचारा. माझ्यावानी बुवाला इचारून घरचं मानूस बाहेर काढू नका."