उजवी कळ

पासलीच्या वाचनालयात भैरवनाथ उतरला, तोही संगणकात, त्याला मंगळवारी नववा दिवस होता. गर्दी एवढी झाली की पुस्तकं बाहेर काढावी लागली. कुणाची तक्रार नव्हती. वाचणारी एकटी सुलक्षणाच होती.

देणगीतला हा संगणक लिनक्सवर चालायचा. पडद्याच्या तळाला पट्टी, पट्टीवर फायली, इंटरनेट वगैरे बटणं. अमृत महाराजांनी, म्हणजे कालपरवापर्यंत कापूरहोळला मोबाईलच्या काचा बदलणाऱ्या अमृतनं, ती सगळी काढली. त्या जागी नाथाचं एकसारखंच चित्र असलेली दोन बटणं शेजारी शेजारी उगवली. महाराज डोळे अर्धे मिटून "एंटर स्वाहा" म्हणत, एक बटण दाबत आणि पडदाभर कौल उमटे. 'उजवा' म्हणजे होकार, 'डावा' म्हणजे नकार.

माऊसच्या उजव्या कळीवर मात्र शेंदूर थापलेला. "ही कळ देवाची. मानसानं दाबली तर वंश बुडंल."

सुलक्षणाला भोरला नर्सिंगला जायचं होतं. फॉर्मची मुदत आज पाचपर्यंत. तिचे वडील सावळाराम यांनी कौल लावला. डावा आला.

"पोरीच्या आजीचा बोकड द्या, कौल फिरंल," महाराज म्हणाले आणि ओसरीवर पिठलं-भाकरी खायला गेले. वाढायला सगळा गाव मागोमाग. सावळाराम बोकड आणायला.

सुलक्षणा एकटीच उरली. उजवा म्हणजे होकार, तर उजव्या कळीला देवाचा नकार कसा? तिनं ओढणीनं शेंदूर पुसला आणि कळ दाबली. वंशाला काही झालं नाही. पडद्यावर यादी उघडली. तिनं दोन्ही बटणांचे गुणधर्म वाचले, एक बटण धरून दुसऱ्याच्या पलीकडं सरकवलं आणि ओढणीवरचा शेंदूर पुन्हा कळीला फासला.

महाराज ढेकर देत आले. मागून बोकड आला.

"महाराज," सुलक्षणा म्हणाली, "देवाला बोकड पायजे का, तेवढं इचारा."

"एंटर स्वाहा." डावा.

महाराजांनी पुन्हा तेच होकाराचं बटण दाबलं. पुन्हा डावा.

"लई दिसांनी देव शहाण्यावानी बोलला," म्हणत सोजराबाई आजीनं बोकडाचा दोर लेकाच्या हातातून काढून घेतला.

"आन पोरीच्या शिक्षणाचं?" सावळारामांनी विचारलं.

महाराजांनी दात खाऊन नकाराचं बटण दाबलं. उजवा.

"रेंज न्हाई हितं," महाराज पुटपुटले.

"रेंज हाय. नाथ जागेवर न्हाईत," सुलक्षणा म्हणाली आणि सगळ्यांदेखत उजवी कळ दाबली. गर्दीतल्या दोघांनी वंशाच्या काळजीनं पोरं मागं ओढली. यादीत 'गुणधर्म' आलं, तेव्हा पुढं उभ्या गावकऱ्यानं, सोनबानं, हात जोडले. "देवाचं गुणधर्म हायेत ते."

"आबा, खालची ओळ वाचा."

सावळारामांनी बोट ठेवून वाचलं, "आज्ञा: 'डावा' हे चित्र उघडा." मग वर बघितलं. "महाराज, देवाची आज्ञा म्हंजे ही व्हय?"

महाराज तोवर दारात होते. पायात अडकवून पळाले त्या चपला त्यांच्या होत्या की नाही, हे अजून ठरलेलं नाही.

सुलक्षणानं पट्टी पहिल्यासारखी केली, इंटरनेटचं बटण परत बसवलं आणि पावणेपाचला फॉर्म गेला.

"देव गेला का गं?" आजीनं विचारलं.

"देव देवळात हाय, आजी. हितं नुसतं चित्तर व्हतं."

पट्टीवर बटण आपोआप उगवत नाही. कुणीतरी ते बसवतं आणि दाबल्यावर काय व्हायचं तेही आधीच लिहून ठेवतं. हात जोडण्याआधी ती आज्ञा वाचावी. त्यासाठी उजवी कळ दाबावी लागते. वंश बुडत नाही. पासलीत तपासून झालंय.