ठमाबाईचा थोरला

मी एक जुना वरवंटा आहे.

लाल गोंड्याची कुंची.

पारसिकच्या डोंगरातला सुरुंग.

कारवीचा कूड, शेणाने सारवलेला.

कच्छमधले अंजार गाव. मी ते पाहिलेले नाही.

एक पोस्टकार्ड.

मित्रांनो, एका दगडाच्या आयुष्यात एवढ्या गोष्टी कशा आल्या, ते सांगतो.

माझा जन्म आगीतला. पृथ्वीच्या पोटात फार उष्णता आहे. तिथे खडक वितळतो, त्यात वायू कोंडतात आणि वरच्या कवचात जिथे चीर सापडेल तिथून तो रस बाहेर पडतो. त्याला तुम्ही ज्वालामुखी म्हणता. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथली जमीन मैलोन्‌मैल उलली आणि लाव्हा दुधासारखा उतू गेला. थरावर थर बसले. खालचे सारे जळून गेले. पुढे तेच थर निवून सह्याद्री झाला, आणि झिजून कापसाची काळी माती झाली. मीही निवलो. निवल्यावर फार काळ कोणी माझ्याशी बोलले नाही.

सुरुंगाने मला मोकळे केले, एका पाथरवटाने छिन्नीने घडवले आणि कोलशेतच्या ठमाबाईने पाट्यासकट घरी आणले. ती मिठागरावर कामाला जायची. नवरा लवकर वारला होता. पंढरी हा एकच मुलगा.

आमच्याकडे बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला पाळण्यात घालतात. पंढरीच्या बारशाला मला तेल लावले, कुंची घातली आणि बायकांनी पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हातांत दिले. शेजारची कमळाबाई म्हणाली, "ठमे, हा काला पोर कुनावर गेला गं?"

"बापसावर!" ठमाबाई म्हणाली. सगळ्या हसल्या.

त्या दिवसापासून मी त्या घरातला थोरला. वीस-बावीस वर्षे मी सुक्या बोंबलाची चटणी वाटली. "थोरल्याच्या हातची चव गिरणीच्या मसाल्याला नाय," असे ठमाबाई सगळ्यांना सांगायची. छप्पन साली पंढरी कच्छमध्ये कांडल्याच्या बंदराच्या कामावर निघाला, तेव्हा त्याने माझ्यावर थाप मारली. "थोरल्या, आयेला सांभाल रं."

तिकडून त्याचे पत्र आले. कमळाबाईची शकू चौथी शिकलेली, तिने वाचून दाखवले. कामगार अंजार गावाबाहेर चटयांच्या झोपड्यांत राहतात, वाऱ्याने रात्रभर चटया फडफडतात, असे त्याने लिहिले होते. ठमाबाईचे स्वतःचे घर कुडाचे. मिठागराच्या मालकाचे दगडी घर ती जन्मभर बाहेरून बघत आली होती.

"शके, लिव," कोरे पोस्टकार्ड पुढे करून ती म्हणाली. "झोपरीत राऊ नको. गावात दगराची खोली बघ. आय सांगतं म्हनून बघ. दगराला काय होतंय?"

हे म्हणताना तिने माझ्याकडे पाहिले. मला अभिमान वाटला.

जमिनीखालचे खडक वर्षानुवर्षे एकमेकांना रेटत असतात. ताण वाढत जातो. एके दिवशी खडक तडकतो, भेगेवरून सरकतो आणि त्याचे हादरे चहूकडे पसरतात. हाच भूकंप. एकवीस जुलैच्या शनिवारी, रात्री नऊच्या सुमारास तो अंजारला झाला. नुसत्या मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती हलल्या, फुगल्या आणि आत झोपलेल्यांवर पडल्या. त्या वेळी कोलशेतला ठमाबाई मला दोन्ही हातांत धरून लसूण वाटत होती.

बातमी दोन दिवसांनी मिठागरावर पोचली. तेव्हापासून ती रोज पोस्टमनची वाट अडवायची. "माजं कागद?" तो मान हलवायचा. ती घरी येऊन कमळाबाईला सांगायची, "माजा पंढरी पक्क्या घरात हाय गं. त्या झोपरीतल्या पोरांचं काय झायलं आसंल?" त्या पोरांसाठी तिने देवीला नारळही बोलला.

नवव्या दिवशी शहाडचा आनंदा आला. तो पंढरीबरोबर कामाला होता. उंबऱ्यावर बसला. पाणी दिले तर तांब्या तसाच हातात धरून राहिला.

"झोपरीवाले कसे हायेत रं?" तिने आधी तेच विचारले.

"समदे वाचले, आये. चटया अंगावर परल्या. झटकून उठलो."

"आन पंढरी?"

आनंदाने तांब्या खाली ठेवला. "भिंत, आये," एवढेच म्हणाला.

ठमाबाईने दुसऱ्या दिवशी पाटा भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि मला घरामागे टाकले. तिथे माझ्यावर शेवाळ चढले. पुढे शकूला मुलगा झाला. कमळाबाई बारशासाठी मला मागायला आली, "थोरल्याला दे गं."

"दगर नको घालू पोराच्या पालन्यात," ठमाबाई म्हणाली. कमळाबाई परत गेली. पलीकडच्या घरातून पाळण्याची गाणी ऐकू आली. मी ती जिथे होतो तिथूनच ऐकली.

मित्रांनो, डोंगराच्या पोटात मी एकटा होतो, पण तेव्हा मला कोणी थोरला म्हटले नव्हते.

माझे एक मागणे आहे. आम्हा दगडांना नुसते एकावर एक रचू नका. भिंतीतून आरपार जाणारे लांब दगड मधूनमधून घाला. कोपरे एकमेकांत गुंतवा. चारही भिंतींना बांधून ठेवणारा पट्टा घाला, वर जड छप्पर लादू नका. जमीन कधी हलेल ते आम्हाला कळत नाही आणि सुटे असलो की आम्हाला स्वतःला सावरता येत नाही. आणि कुडाच्या घरात राहणाऱ्या कोणाला हसू नका.

पंढरी त्या दगडी खोलीत सहा दिवस राहिला होता.