मालती सासरी गेली त्या बुधवारी

दर बुधवारी बातम्या संपायच्या आत चांगुणाबाई आनंदाच्या घरी जाऊन बसायची. सत्त्याऐंशी सालचा उन्हाळा होता. माले गावाच्या खालच्या अंगाला वनखात्याची नर्सरी होती. तिथं सकाळपासून उकिडवं बसून माती, वाळू आणि शेणखत कालवायचं, काळ्या पिशव्या भरायच्या आणि ओळीनं मांडायच्या. संध्याकाळी उठताना दोन्ही गुडघे हातांनी धरून उठावं लागे. घरी येऊन भाकऱ्या थापल्या की अंग जमिनीवर टाकावंसं वाटायचं, पण बुधवारी ती टाकायची नाही.

आनंदा खडकीला कारखान्यात होता. वस्तीत टीव्ही आणला तो त्यानंच. अँटेना उंच बांबूला बांधून सिंहगडावरच्या टीव्हीच्या मनोऱ्याकडं वळवली होती. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या यायच्या, मग कुणीतरी बाहेर जाऊन बांबू हलवायचं आणि आतून आनंदाची बायको लीलाबाई ओरडायची, "आलं, आलं! आता हात काढू नगा!"

दोन वर्षांत चांगुणाबाईनं तीन मालिका सुरू होऊन संपलेल्या बघितल्या होत्या. पहिली संपली तेव्हा तिला कळलंच नव्हतं. पुढच्या आठवड्यात ती जाऊन बसली तर पडद्यावर कुणी तरी शेतीची माहिती देत होतं. "ती मानसं कुटं गेली?" तिनं विचारलं तेव्हा सगळे हसले. दुसरीत एका मास्तराची बदली झाली आणि त्याची यष्टी धुरळा उडवत गेली. चांगुणाबाईला आठवडाभर त्या शाळेतल्या पोरांचा घोर लागून राहिला. तिसरीत शेवटी लग्न झालं, सगळे हसले, आणि त्या रात्री तिला पाहुणे निघून गेल्यावर घर कसं होतं तसं वाटलं. एवढी भांडी घासायची आणि बोलायला कुणी नाही. मालिका संपली की ती थकायची. का ते तिला सांगता आलं नसतं.

चौथी मालिका मालतीची. तिचं खरं नाव काहीतरी लांबलचक होतं, वस्तीत कुणी ते घेत नसे. मालती पुण्यातली, शिकलेली, गोरीपान. पाचव्या भागात तिच्या नवऱ्यानं, श्रीकांतनं, तिला सगळ्यांदेखत थोबाडीत मारली आणि ती एक सुटकेस घेऊन घरातून निघाली. मग एक खोली भाड्यानं घेतली, वाचनालयात नोकरी धरली. एकदा आरशापुढं उभी राहून ती नुसतंच म्हणाली, "मी थकलेय." बाईमाणसानं हे असं तोंडानं, मोठ्यानं म्हटलेलं चांगुणाबाईनं आजवर ऐकलं नव्हतं.

तरी मालतीनं परत जावं असंच तिला वाटे. दर आठवड्याला ती म्हणायची, "आता जाईल बघ. किती दिस अशी ऱ्हाईल?"

लीलाबाई ऐकून घ्यायची. चांगुणाबाई हे कुणासाठी म्हणते ते तिला ठाऊक होतं.

चांगुणाबाईची लेक अनुसया दिवाळीपासून माहेरी होती. तिचं सासर नांद्याचं. नवऱ्याचं नाव सुदाम. पाणी भरायला उशीर झाला म्हणून त्यानं बादलीच घेऊन तिच्या हातावर मारली होती. उजव्या हाताची करंगळी मोडली ती वाकडीच जुळली. ती आता आईबरोबर नर्सरीत येई, त्याच हातानं पिशव्या भरी. घरात फारसं बोलत नसे. पण सात महिने झाले होते. पाणवठ्यावर, विहारात, यष्टीत, जो भेटेल तो विचारायचा, "अनू अजून हितंच का?" चांगुणाबाईचा नवरा भिकाजी त्या प्रश्नाला भिऊन चावडीकडं जाईनासा झाला होता. चांगुणाबाईलाही उत्तर देऊन देऊन शीण आला होता. लेक वाईट वागली असं तिला कधीच वाटलं नाही. तिला फक्त हे सगळं एकदा संपायला हवं होतं.

मे महिन्यातल्या त्या मंगळवारी सुदामचा मामा कुशाबा आला. पांढरं धोतर, टोपी, हातात पिशवीभर आंबे. "जयभीम" म्हणून ओसरीवर बसला आणि पाणी प्यायल्यावर म्हणाला, "विहीणबाई, झालं ते झालं. पोरगं आता सुधारलंय. परवा, बेस्तरवारी, त्याला घेऊन येतो. पोरीची पिशवी भरून ठिवा."

भिकाजी लगेच म्हणाला, "ठिवतो की."

चांगुणाबाई म्हणाली, "बघू." पण तिच्या मनातही होकारच होता. अनुसया चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. तिनं मान वर केली नाही. कुशाबा गेल्यावर तिनं ते आंबे गवतात नीट मांडून ठेवले, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते.

बुधवारी मालतीचा शेवटचा भाग होता. तसं आधीच सांगितलं होतं, म्हणून आनंदाचं घर भरून गेलं होतं. वीज जाईल अशी सगळ्यांना धास्ती, पण गेली नाही. वाराही पडला होता, चित्र एकदम स्वच्छ होतं. अनुसया मागं तांदळाच्या पोत्याला टेकून बसली. चांगुणाबाईनं पुढची जागा धरली.

श्रीकांत आजारी पडला होता. दवाखान्यात पांढऱ्या चादरीवर पडला होता, गालांवर दाढी वाढलेली. मालती धावत आली. तो हळू आवाजात म्हणाला, "घर तुझी वाट बघतंय." मालती रडली. त्याच्या पुढच्याच चित्रात ती सुटकेस घेऊन सासरच्या दारात उभी होती. सासू ओवाळत होती. मालतीनं उंबरा ओलांडला, दार लागलं, आणि बंद दारावर नावं वर वर सरकू लागली.

"बरं झालं बाई," लीलाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली. "लई जीवाला लागलं हुतं."

बाकीच्या बायाही सुटल्यासारख्या उठू लागल्या. चांगुणाबाई बसूनच राहिली.

"झालं?" ती म्हणाली. "एवढंच?"

"मंग आनिक काय पायजे, आत्या? तुमीच म्हनत हुता, ती जायला पायजे म्हनून."

"म्हनत हुते." चांगुणाबाई पडद्याकडंच बघत होती. तिथं आता दुसरंच काहीतरी सुरू झालं होतं. "पर त्यानं माफी कुटं मागितली?"

"आजारी हुता की त्यो."

"आजारी मानसाला तोंड नसतं व्हय? घर वाट बघतंय म्हनला. घराला काय डोळं हायेत? त्यानं बघितली का वाट, ते सांग. आन तिची नोकरी? ती पुस्तकं? खोलीचं दार तरी लावून आली का ती?"

कुणीतरी हसलं. लीलाबाई समजुतीच्या सुरात म्हणाली, "आत्या, शिनिमा हाय त्यो. शेवट गोडच करत्यात."

"थोबाडीत मारली ती समद्यांनी बघितली. आज कुनीच काय बोललं न्हाई," चांगुणाबाई म्हणाली आणि गुडघे धरून उठली. तिला राग आला होता आणि राग करायचंही बळ नव्हतं. इतके आठवडे तिनं जे मागितलं तेच तिला दिलं गेलं होतं. आणि ते हातात आल्यावर भेसळीच्या गुळासारखं लागत होतं. नुसतं गोड, आणि मागून जिभेवर कचकच.

मागं बघितलं तर अनुसया पोत्याला टेकून झोपली होती. तोंड किंचित उघडं. चांगुणाबाईनं तिला हलवून उठवलं. दोघी घराकडं निघाल्या. वाट दोन मिनिटांचीच होती.

"मालती गेली का?" अनुसयानं विचारलं.

"गेली. तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय, आये? मला झोप लागली हुती." थोडं चालून ती म्हणाली, "जाऊ दे. तिचं तिला ठावं."

घराच्या पायरीशी चांगुणाबाई थांबली. सात महिन्यांत तिनं लेकीला बोट दुखतं का ते विचारलं होतं, जेवलीस का विचारलं होतं. एक गोष्ट तेवढी विचारली नव्हती.

"अनू, बादली मारल्यावर काय झालं?"

"म्हंजी?"

"मारल्यावर. मंग काय झालं घरात?"

अनुसयानं अंधारात पायातल्या चपला काढल्या. "काय न्हाई. भाकरी करायच्या ऱ्हायल्या हुत्या, त्या केल्या."

"त्या हातानं?"

"दुसरा कुटनं आनू? दोन पाहुनं आल्तं. समदी जेवली. सासू म्हनली, भाकरी जाड झाल्यात. मी वाढलं." तिचा आवाज सपाट होता, पिशव्या किती भरल्या ते सांगावं तसा. "दुसऱ्या दिशी पहाटं यष्टीत बसले. मी जाते हे कुनाला कळलं बी न्हाई."

"आन उद्या जायचं म्हनतात त्ये?"

"तुमास्नी जड झालं आसंल तर जाते. मला आता भांडायचा बी कटाळा आलाय, आये."

चांगुणाबाई आत गेली आणि भिंतीशी अंग टाकलं. कुठल्या कुठल्या बायका दारातून आत जाताना तिच्या डोळ्यांपुढं येत राहिल्या. तिची थोरली बहीण, लीलाबाईची नणंद, ती स्वतः. कुणाच्याच मागं नावं सरकली नव्हती. दार लागल्यावर पुढं त्यांनी काय केलं ते तिला चांगलं माहीत होतं. भाकऱ्या केल्या.

गुरुवारी नऊ वाजता कुशाबा सुदामला घेऊन आला. सुदाम नवा शर्ट घालून ओसरीच्या कडेला बसला होता, नजर जमिनीकडं. भिकाजीनं चहा सांगितला. अनुसयाची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. तिनंच ती भरली होती.

चांगुणाबाई कामावर जायच्या लुगड्यातच होती. ती सुदामपुढं येऊन खाली बसली.

"पाव्हणं, अनूचं बोट कशानं मोडलं?"

"विहीणबाई," कुशाबा म्हणाला, "जुनं उकरून काय मिळायचं? आपन पुढचं बघू."

"पुढचंच बघते मामा. हितनं निघाली, नांद्याला गेली, दार लागलं. मंग? मंग काय हुनार ते मला सांगा."

"संसार हुईल. दुसरं काय?"

"मी पाव्हण्यांस्नी इचारलंय. बोट कशानं मोडलं?"

सुदाम मान वर न करता पुटपुटला, "चुकून लागलं."

दारात उभी असलेली अनुसया तेव्हा पहिल्यांदा त्याच्याकडं बघत होती. खाली वाकून तिनं ती पिशवी उचलली आणि आत नेली. भांड्यांच्या फळीखाली पिशवी सरकवल्याचा आवाज बाहेर सगळ्यांना ऐकू आला.

"चुकून," चांगुणाबाई म्हणाली. "मंग न्हाई जमायचं मामा. चूक झाली म्हनला आसता तर मी येक डाव इचार केला आसता."

कुशाबा भिकाजीकडं वळला. "अवं, तुमी तरी बोला. बाईमानसाच्या हातात देताय का?"

भिकाजीनं चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाला, "मी कालपर्यंत व्हय म्हनत हुतो. पर ह्या पोराला खरं बोलता येत न्हाई. आता मी काय बोलू?"

"मंग ठिवा जल्मभर!" कुशाबा उठला.

"ठिवू," चांगुणाबाई म्हणाली. पण त्यात जोर नव्हता, उसनं अवसानही नव्हतं. ती भिंतीला हात लावून उठली आणि मायलेकी नर्सरीत गेल्या, अर्ध्या तासाच्या उशिरानं.

गावात बोलायचं ते बोललं गेलं. आठवडाभर भिकाजी घरातनं बाहेर पडला नाही. चांगुणाबाईला आपण बरोबर केलं असं रोज वाटलं नाही. काही दिवस पिशव्या भरता भरता ती हात थांबवून बसून राही, मग मुकादम ओरडे. पुढच्या बुधवारी नवी मालिका सुरू झाली. लीलाबाईनं हाक मारली, पण ती गेली नाही. नवी माणसं, त्यांची नावं, कोण कुणाचं कोण, हे सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकायचं तिला बळ नव्हतं.

जूनमध्ये पौडला एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात बाई हवी असल्याचं आनंदानं ऐकून सांगितलं. अनुसया गेली. चाळीस पोरींचा स्वयंपाक, आणि राहायला कोठाराशेजारची छोटी खोली. दसऱ्याच्या सुमाराला बातमी आली की सुदामनं दुसरं लग्न केलं. ते सांगायला चांगुणाबाई मुद्दाम पौडला गेली. वाटेत यष्टीत बसून कसं सांगायचं याचे शब्द तिनं जुळवले होते.

अनुसया दाण्याचं कूट करत होती. तिनं ऐकलं, कूट डब्यात भरलं, झाकण लावलं. "कुनाची हाय पोरगी?" तिनं विचारलं.

"काय की. घोटावड्याकडची म्हनत्यात."

"तिला पानी लांबनं आनाया लागनार," अनुसया म्हणाली. मग आईकडं बघून म्हणाली, "तू लई दमलीयास आये. पड जरा. मी पोरींस्नी वाढून येते."

खोलीत एक लोखंडी खाट होती, वर धुतलेली चादर. बाहेर पोरींच्या ताटांचा गलबला चालला होता. चांगुणाबाई खाटेच्या कडेला अवघडून बसली, मग आडवी झाली. जाग आली तेव्हा उन्हं भिंतीवरून उतरली होती आणि मालेकडं जाणारी पाचची यष्टी निघून गेली होती. अनुसयानं तिला उठवलं नव्हतं. ती तशीच पडून राहिली, कितीतरी वेळ, कुणी हाक मारत नाही म्हणून.