बुडवलेला सिगार

दारूत सिगार बुडवणाऱ्याला आमच्या सिगार वळणाऱ्यांच्या तांबोरिल गावात कुणी पोरगी देत नाही, असं माझे पपा नेहमी म्हणायचे. हे मी माझ्या विल्किनला सांगायला विसरले.

तो पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला आला होता. त्याने आणलेली सिंगल माल्ट व्हिस्की पपांनी ओतली. "ही मधासारखी गोडसर नि हलकी आहे, हिच्याबरोबर सौम्यच सिगार हवा. घे, माझ्या हातचा आहे," म्हणत त्यांनी डबा उघडला.

राजधानीत वाढलेल्या विल्किनने सिगारचं टोक खुशाल ग्लासात बुडवलं.

आई वाढता वाढता थांबली.

"ऊठ," पपा म्हणाले. "माझ्या सिगारला आंघोळ घालतोस?"

विल्किन उठलासुद्धा. पपांची बोटं थरथरत होती. रागाने नव्हे, गेलं वर्षभर ती तशीच थरथरतात आणि घरात कुणी ते बोलून दाखवत नाही.

माझं डोकं फिरलं. "पपा, तो सिगार मी वळलाय. डब्यातले सगळेच मी वळलेत. अपमान झाला असेल तर माझा झालाय."

पपांनी हात टेबलाखाली नेले. मग एक हात वर आला आणि थरथरतच त्याने डबा विल्किनपुढे सरकवला.

"बस. पोरगी सिगार सौम्य वळते, पण तिची जीभ ही अशी आहे. बघ, झेपतंय का."