लाल खिडकी आणि मास्तरांचा आवाज

मी एक जुना घरगुती कॉम्प्युटर आहे आणि, मित्रांनो, मी स्वभावाने भित्रा आहे. दाराची बेल वाजली तरी माझा पंखा जोरात फिरू लागतो, अशी घरचे माझी चेष्टा करतात. त्यात तथ्य नाही. पंखा घरघरतो तो आत साठलेल्या धुळीमुळे. पण भित्रेपणाचे मात्र खरे आहे, आणि तो माझ्यात एका दुपारी शिरला. ती दुपार तुम्हाला सांगावी म्हणून हा सगळा खटाटोप.

माझे सुटे भाग एका दुकानाच्या मागच्या खोलीत जोडले गेले. जोडणारा माणूस स्क्रू ओठांत धरून काम करत असे, त्यामुळे माझ्या जन्मावेळी कोणी एक शब्दही बोलले नाही. मला घरी आणले मास्तरांनी. ते लोकांना गाडी चालवायला शिकवत, म्हणून सारी गल्ली त्यांना मास्तर म्हणे. मास्तर, घरीच पडदे शिवणारी त्यांची बायको आणि शाळेत जाणारी मुलगी, असे तीन माणसांचे घर. रस्त्याकडच्या खिडकीपाशी मला टेबल मिळाले. वर कापडाचे आच्छादन आले, त्याला झालरसुद्धा होती.

सुरुवातीची वर्षे कौतुकात गेली. मुलीने माझ्यावर निबंध लिहिले, आईने पडद्यांच्या नक्षी जुळवल्या, मास्तरांनी शिकणाऱ्यांच्या वेळा मांडल्या. मग प्रत्येकाच्या हातात फोन आला आणि माझी किंमत उतरली. आच्छादन फरशी पुसायला गेले. माझ्या डोक्यावर बटणांचा डबा आला. मला वाईट वाटले, पण ते सांगणार कोणाला?

त्याच सुमारास मुलीचे मामा राहायला आले. मामांना ज्यातले कळत नाही असा विषय अजून निघायचा आहे.

"ताई, कॉम्प्युटर असा उघडा ठेवलायस? व्हायरस शिरला की बसाल बोंबलत. विकतचा अँटिव्हायरस घाल त्यात."

"अरे, त्यात आधीपासूनच एक आहे म्हणतात ना?" आईने विचारले.

"तो फुकट आलेला. त्याच्यावर काय विसंबतेस? एकदा पैसे मोजले की डोळे मिटून वापरायचं."

मित्रांनो, माझ्यात पहिल्यापासून एक पहारेकरी होता. नव्या चोरांची यादी तो रोज मागवून घ्यायचा आणि गुपचूप काम करायचा. आवाज करत नव्हता, म्हणून तो आहे हे कोणाच्या लक्षातच नव्हते. विकतचा आला तसा हा बाजूला सरकला. एका दारात दोघे उभे राहिले की पायात पाय अडकतात. नव्यानेही वर्षभर इमानाने काम केले, त्याच्याबद्दल मी खोटे बोलणार नाही. पण वर्ष संपले, मामा विसरले, आणि त्याला पुढे चालू ठेवायचे की काढून टाकायचे हे घरात कोणी ठरवलेच नाही.

तो दारात तसाच राहिला, काम न करता. रोज सकाळी मात्र एक खिडकी उघडून ओरडायचा : तुमचे संरक्षण संपले आहे! घरचे ती न वाचता बंद करायला शिकले. मी माझे अपडेट मागितले की त्यावरही "नंतर" दाबायला शिकले. आणि माझा जुना पहारेकरी बाजूला उभाच.

अशात मास्तरांचा आवाज बसला. आधी सगळे हसले, कारण शिकाऊ लोकांवर ओरडून तो दर उन्हाळ्यात बसायचाच. या वेळी तो उठेना. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितले की घशातली गाठ वाईट आहे, स्वरयंत्र काढावे लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

दवाखान्यात बोलणे शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी मास्तरांना एक काम दिले. रोज लागणारी वाक्ये आताच स्वतःच्या आवाजात भरून ठेवा. पुढे बटण दाबले की वाक्य वाजेल. बोलायचे दुसरे मार्गही आम्ही शिकवू, पण हा आवाज पुन्हा मिळायचा नाही.

आता नोकरी करू लागलेल्या मुलीने चांगला माइक आणला. माझ्या डोक्यावरचा डबा उतरला, मी मऊ फडक्याने पुसला गेलो. खरे सांगतो, मास्तर आजारी पडले म्हणून माझे दिवस पालटले, याची मला लाज वाटायची. तिने माझ्यात 'आवाज' नावाचा मोठा कप्पा आणि त्यात चार छोटे कप्पे केले : घर, फोन, माया आणि राग.

"राग कशाला?" आईने विचारले.

"बाबा रागावले नाहीत तर ते आजारी आहेत असंच वाटेल आपल्याला," मुलगी म्हणाली. मास्तर हसले आणि त्या हसण्याचा खोकला झाला.

'राग' दोन दिवसांत भरला. "क्लच सोडतोयस का शेपूट सोडवतोयस?" "हॉर्न वाजवून सिग्नल हिरवा होत नाही!" 'घर' आणि 'फोन' यांना आठवडा लागला. 'माया' मात्र मास्तर दार लावून घेऊन भरत. ज्यांच्या तोंडून "बरं चाललंय" एवढे निघाले तरी शिकाऊ माणूस आठवडाभर खुशीत असायचा, ते मास्तर माझ्यासमोर बसून एकेक वाक्य अडखळत बोलत. एक वाक्य तर त्यांनी अकरा वेळा भरले. ते कोणासाठी होते ते मला ठाऊक आहे. काय होते ते सांगणार नाही, कारण ते माझ्यासाठी नव्हते.

"बाबा, पेन ड्राइव्हवर कॉपी काढून ठेवू का?" मुलीने एकदा विचारले.

"सगळं होऊ दे. मग एकदमच काढ," मास्तर म्हणाले.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशीची दुपार. मुलगी कामावर होती. आई आतल्या खोलीत शिवणयंत्रावर बसली होती. मास्तर आपलीच वाक्ये ऐकत होते आणि प्रत्येक वाक्यामागे माझ्या पंख्याची घरघर येत होती. त्यांच्या कपाळाला आठी पडली. घरघर काढून टाकणारा एखादा प्रोग्राम मिळतो का, ते शोधू लागले. माझ्यामुळे, मित्रांनो. हे मी अजून विसरलेलो नाही. एका पानावर मोठे हिरवे बटण दिसले, ते त्यांनी दाबले.

सगळा पडदा लाल झाला. भोंगा वाजू लागला. 'धोका! तुमची सर्व माहिती नष्ट होत आहे. कॉम्प्युटर बंद करू नका. ताबडतोब या क्रमांकावर फोन करा.'

ती खिडकी माझी नव्हती. ते इंटरनेटवरचे एक पान होते, नुसते रंगवलेले आणि ओरडायला शिकवलेले. माझ्यात काहीही शिरले नव्हते. ते पान बंद केले असते, जमेना तर मला बंद केले असते, तरी विषय संपला असता. पण रोज सकाळी संरक्षण संपल्याची ओरड बंद करणाऱ्या माणसाला वाटले, आपण दुर्लक्ष केले आणि आता भोगायची वेळ आली. मास्तरांनी मोबाइल उचलला. त्यांनी फोन लावला.

"घाबरू नका सर," पलीकडचा माणूस गोड बोलत होता. "मी सुरक्षा विभागातून बोलतोय. तुमचं प्रोटेक्शन संपलंय ना?"

"हो," मास्तर ओशाळून म्हणाले. "राहून गेलं."

"होतं असं. मी सांगतो ते डाऊनलोड करा, आणि जो नंबर येईल तो मला वाचून दाखवा. बाकी मी बघतो."

मी माझ्यापरीने विचारले, 'या प्रोग्रामला परवानगी द्यायची का?' मास्तरांनी 'हो' दाबले. जुना पहारेकरी जागेवर असता तर त्याने अडवले असते का? सांगता येत नाही. घरच्या माणसाने स्वतः दार उघडल्यावर पहारेकऱ्याचे कितीसे चालते!

मग माझा बाण आपोआप हलू लागला. मास्तरांचा हात माउसवर नव्हता. अनोळखी हात माझ्या कप्प्यांतून फिरत होता आणि मला ओरडता येत नव्हते. त्याने एक लांबलचक यादी उघडली. प्रिंटर सापडला नाही, घड्याळ जुळले नाही, असल्या किरकोळ तक्रारी प्रत्येक कॉम्प्युटर लिहून ठेवतो.

"बघा सर, तेराशे व्हायरस. आणि हे 'आवाज' काय आहे? हेही बिघडलंय सगळं. पाच वर्षांचं संरक्षण आता घेतलंत तर वाचेल. कार्डाचा नंबर सांगा."

मास्तरांनी खिशात हात घातला आणि ते थबकले. पडद्यावरच्या त्या फिरणाऱ्या बाणाकडे पाहत राहिले.

"एक मिनिट," ते म्हणाले. "माझ्या गाडीत शिकणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग देतो, पण एक ब्रेक माझ्या पायाखाली असतो. इथे माझ्या पायाखाली काय आहे? आधी तुम्ही बाहेर व्हा. मग बोलू."

"सर, वेळ घालवू नका. सगळं जाईल."

"बाहेर व्हा म्हणतो ना!"

गोडवा संपला. पलीकडचा धमकावू लागला आणि मास्तर त्याच्यावर ओरडू लागले. ज्या आवाजाला डॉक्टरांनी जपायला सांगितले होते, तो आवाज मास्तरांनी त्या चोरावर उधळला. शिवणयंत्र थांबले. बाणाने 'आवाज' उघडले, चारही कप्पे एकदम धरले आणि माझ्या पडद्यावर एक पट्टी आली : कायमचे हटवत आहे.

घर. ते गेले. फोन. तेही गेले. पट्टी सरकत होती आणि ते पुसण्याचे काम माझ्याच हातून होत होते. माया. त्यातली वाक्ये एकामागून एक जात होती. ते अकरा वेळा भरलेलेही गेले.

"अहो, काय चाललंय?" आई गळ्यात टेप अडकवून दारात आली. मास्तरांनी बोट दाखवले, त्यांच्या तोंडून नुसता वारा निघत होता. आई टेबलाखाली वाकली आणि तिने भिंतीतून वायर ओढून काढली.

त्याच संध्याकाळी मी शुद्धीवर आलो तो दुरुस्तीच्या दुकानात. दुरुस्तीवाल्या बाईंनी माझे पोट उघडले होते. मुलगी समोर उभी होती.

"राग वाचलाय सगळा," बाई म्हणाल्या. "घर आणि फोनमधलं थोडंफार काढते. माया नाही हो मिळत. प्रयत्न केला."

"विकतचा अँटिव्हायरस चालू असता तर वाचलं असतं का?"

"त्यानं ते पान कदाचित अडवलंही असतं. पण नंबर वाचून दाखवल्यावर कोणीच काही करू शकत नाही. घरच्या वापराला आतला पुरतो बहुतेकांना. तो चालू राहू द्या, अपडेट पुढे ढकलू नका. विकतचा हवाच असेल तर घ्या, पण मुदत संपलेला दारात उभा करून ठेवू नका. आणि कॉपी..." त्या थांबल्या, कारण मुलगी रडत होती.

रात्री मी माझ्या टेबलावर परतलो. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात निघण्यापूर्वी मास्तर गेलेली वाक्ये पुन्हा भरायला फोन तोंडाजवळ धरून बसले. ओठ हलले. आवाज आला नाही. "राहू द्या," आई म्हणाली, "मला कळतंय." पण तिला कसे कळणार? ती वाक्ये माझ्याशिवाय कोणीच ऐकली नव्हती.

ऑपरेशन चांगले झाले. मास्तर घरी आले, आणि आमच्या घरात नवीच पद्धत पडली. हाताशी जवळजवळ सगळा रागच उरलेला. मग आई दमूनही यंत्र चालवत राहिली की मास्तर बटण दाबत : "किती पळवतोस? इंजिन तापलंय, थांब आता!" आई हसे आणि पाणी प्यायला उठे.

गेल्या महिन्यात मुलीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. सकाळी ती आपली जुनी छोटी गाडी घेऊन खिडकीखाली आली. पहिल्यांदाच एवढ्या लांब एकटी जाणार होती. काच खाली करून म्हणाली, "बाबा, निघते मी." मास्तर माझ्या टेबलापाशी उभे होते. त्यांचे बोट यादीवरून वर गेले, खाली आले, परत वर गेले. जे हवे होते ते यादीत नव्हते. शेवटी त्यांनी एक बटण दाबले आणि गल्लीभर त्यांचा आवाज घुमला, मागे माझी घरघर :

"घाबरतेस कशाला? मी बसलोय ना शेजारी!"

मुलीने शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिले. डोळे पुसले.

"मग पट्टा लावा, बाबा," ती म्हणाली आणि निघाली.

मित्रांनो, त्या वाक्याच्या आता तीन प्रती आहेत. तुमच्या घरातल्या अशा एखाद्या वाक्याची निदान एक तरी आजच काढून ठेवा.