मावशींकडची व्हिजिटर

“त्या पार्किंग लॉटची पाटी एकदा नीट वाच. प्रायव्हेट आहे तो,” शशिकांत म्हणाला, तेव्हा त्याची बायको नीलांबरी छोट्या ईशानच्या पायांत मोजे चढवत होती. “हो रे, वाचते,” म्हणत तिने विषय उडवून लावला. एरवी दह्याच्या डब्यावरची तारीखसुद्धा दोनदा बघणारी बाई! पण शीलामावशींकडे निघाली की तिला पाट्या दिसायच्या नाहीत.

शीलामावशी म्हणजे शशिकांतच्या मित्राची, प्रितमची आई. नागपूरच्या निवृत्त शिक्षिका, सहा महिन्यांसाठी अमेरिकेत ॲन आर्बरला आलेल्या. मुलगा-सून कामाला गेले की घरात एकट्या. बाहेर गुडघाभर बर्फ, गाडी चालवता येत नाही. नीलांबरी पहिल्यांदा कढी द्यायला गेली तेव्हा मावशींनी दारातच तिचा हात धरला.

“ये पोरी, ये. सकाळपासून फ्रिजशीच बोलून राहिली मी.”

मग दिवसाआड जाणं सुरू झालं. नेलेला डबा मावशी रिकामा परत देणार? “थांब, पाटवडी टाकते,” म्हणून त्या बेसन भिजवायला घ्यायच्या. तोवर ईशान झोपायचा, दोघींच्या गप्पा रंगायच्या. भरून आलेला डबा नीलांबरी तरी रिकामा कसा नेणार? पुढच्या खेपेला त्यात साबुदाण्याची खिचडी.

मावशींच्या बिल्डिंगचा लॉट फक्त रहिवासी आणि त्यांच्या व्हिजिटर्ससाठी होता. तिथल्या गार्डने एकदा हटकलं, तेव्हा ती घाईघाईने म्हणाली, “फक्त डबा द्यायला आलेय.” हेच तिला भोवलं. तिच्या गाडीवर शशिकांतच्या विद्यार्थिदशेतला युनिव्हर्सिटीचा स्टिकर होता. पार्किंग कंपनीने ठरवून टाकलं, ही बाई इथे फुकटात गाडी लावते आणि कॅम्पसला जाते. दंडाच्या चिठ्ठ्या आल्या. तिने फोनवर परोपरीने समजावलं, पण कुणी ऐकेना. शेवटी स्मॉल क्लेम्स कोर्टाचं, म्हणजे किरकोळ रकमांचे दावे चालवणाऱ्या कोर्टाचं, समन्सच घरी आलं.

“भरून टाक आणि सोड ना, यार,” शशिकांत म्हणाला. “आपलं ग्रीन कार्डचं चाललंय. कोर्टबिर्ट कशाला?”

“भरले तर मी खोटारडी ठरते. आणि पुढच्या वेळी गाडी टो करतील. मग या थंडीत ईशानला घेऊन मावशींकडे कशी जाऊ, बसने?”

“काही दिवस नको जाऊस.”

“आणि त्यांनी परत फ्रिजशी बोलायचं?”

शशिकांतने समन्सवरची तारीख फोनमध्ये टाकली.

मावशींकडे बसल्या बसल्या नीलांबरीने ते समन्स तीनदा उघडून वाचलं. मावशी ते बघत होत्या. त्यांनी भिंतीवरच्या बाबासाहेबांकडे बोट केलं. “हे वकील होते, ठाऊक आहे ना? या घरात कोर्टाला घाबरायचं नाही. मी येते साक्षीला.”

कोर्ट म्हणजे एक साधी खोली निघाली. वकील नाहीत, काळे कोट नाहीत. समोर चष्मा कपाळावर चढवलेले मॅजिस्ट्रेट. कंपनीचा टायवाला माणूस तावातावाने बोलत होता.

“बाई स्वतःच म्हणाल्या, फक्त डबा द्यायचाय. डबा द्यायला अख्खी दुपार लागते? त्या घरातली माणसं तर दिवसा कामावर असतात. मग या कुणाच्या व्हिजिटर?”

“माझ्या,” मागून आवाज आला. साडीवर स्वेटर, पायांत सुनेचे स्नोबूट, अशा मावशी उभ्या राहिल्या. त्यांचं इंग्रजी संथ, पण शब्दन् शब्द वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं. “मी माणूस आहे आणि दिवसा घरी असते.”

मॅजिस्ट्रेटांनी चष्मा खाली घेतला. “मग डब्याला एवढा वेळ का लागतो, मॅडम?”

“आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. मला काहीतरी करून भरावा लागतो.”

“आणि मग या तो भरलेला डबा घरी नेतात?”

“हो. आणि त्यात काहीतरी घालून परत आणतात.”

“हे संपतं कधी?”

“संपवायचं कशाला?” मावशी म्हणाल्या.

खोलीत हशा पिकला. टायवालाही हसू दाबायला खोकला. मॅजिस्ट्रेट म्हणाले, पाटीवर ‘व्हिजिटर्ससाठी’ लिहिलंय, किती वेळासाठी ते लिहिलेलं नाही. आणि यापेक्षा खरी व्हिजिटर मी तरी पाहिलेली नाही. दावा फेटाळला.

बाहेर पडताना मावशी म्हणाल्या, “चल, आता उजळ माथ्याने गाडी लाव.”

यंदा शशिकांतला दूर रेडमंडला नोकरी लागली आणि नीलांबरीचं बिऱ्हाड हललं. मावशी नागपूरहून पुन्हा ॲन आर्बरला आल्यात, ऐन हिवाळ्यात. म्हणून नीलांबरीचं तुमच्याकडे एक मागणं आहे. त्या भागात राहत असाल, तर एखाद्या दुपारी मावशींकडे डोकावून या. दुसरा मजला, डावीकडचं दार. गाडी खुशाल लॉटमध्ये लावा. बेल वाजवल्यावर मात्र जरा थांबा, मावशींचे गुडघे दुखतात. आणि कशा आहेत, ते नीलांबरीला कळवा.